वेदी आणि तराजू : प्राचीन इस्राएलची उपासना आणि धर्मनियम

हिब्रू बायबलातल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात नियमांचा क्रम चकित करणारा आहे. शांत्यर्पणाच्या पशूचे मांस दोन दिवसांत खाऊन संपवावे, तिसऱ्या दिवशी उरलेले जाळून टाकावे, हा यज्ञाचा नियम सांगून होतो आणि त्याला लागूनच शेताचा नियम येतो. कापणी करताना कडेचे पीक उभे ठेवायचे, खाली पडलेली कणसे वेचायची नाहीत, ती गरिबाची आणि परक्याची. मजुराची मजुरी रात्रभर अडवायची नाही, बहिऱ्याला शिव्याशाप द्यायचे नाहीत, दोन प्रकारच्या धाग्यांचे वस्त्र घालायचे नाही आणि तराजू, वजने, मापे खरी ठेवायची, हेही सगळे त्याच अध्यायात आहे. या साऱ्या नियमांच्या मुळाशी एकच कारण दिलेले आहे : उपास्य देव पवित्र आहे, म्हणून त्याच्या लोकांचे जगणेही तसे असले पाहिजे.

आजच्या वाचकाला ही सरमिसळ वाटते. यज्ञ हा कर्मकांडाचा विषय, मजुरी हा न्यायाचा आणि वजनमाप हा बाजाराचा, अशी विभागणी आपल्या अंगवळणी पडली आहे. गेली दीडशे वर्षे या धर्मनियमांचा अभ्यासही बराचसा याच विभागणीने झाला : संदेष्ट्यांची नीती उंच, याजकांचे कर्मकांड हिणकस. उपलब्ध ग्रंथ, शेजारच्या संस्कृतींतले कायदे आणि उत्खननांतले पुरावे एकत्र ठेवले तर ही विभागणी टिकत नाही, असे मला वाटते. प्राचीन इस्राएलच्या धर्मशास्त्रात वेदी आणि तराजू एकाच कायद्याखाली आहेत. ते कसे, आणि हे एकत्र असणे कुठे तोकडे पडले, हे पाहण्यासाठी हा आढावा.

एका ग्रंथातले अनेक कायदे

परंपरेने हे सारे नियम मोशेला सीनाय पर्वतावर मिळाले. तोरा म्हणजे उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद ही पाच पुस्तके. रब्बींच्या परंपरेने त्यांतल्या आज्ञांची संख्या ६१३ मानली. पण बारकाईने वाचताच या पुस्तकांत किमान तीन निरनिराळे कायदेसंग्रह दिसतात. निर्गमच्या विसाव्या ते तेविसाव्या अध्यायांतला ‘कराराचा संग्रह’, अनुवादाच्या बाराव्या ते सव्विसाव्या अध्यायांतला संग्रह, आणि लेवीयच्या सतराव्या ते सव्विसाव्या अध्यायांतला ‘पावित्र्यसंग्रह’. त्यांखेरीज यज्ञ, शुद्धी आणि याजकपदाचे स्वतंत्र नियम आहेतच.

हे संग्रह एकमेकांशी सर्वत्र जुळत नाहीत. निर्गमात वेदी अनेक ठिकाणी बांधता येते. अनुवादात देवाने निवडलेल्या एकाच स्थळी यज्ञ करायचा, अशी सक्त ताकीद आहे. कर्जापायी गुलाम झालेल्या माणसाच्या नियमांतही असाच फरक पडतो. निर्गमात हिब्रू पुरुष गुलाम सातव्या वर्षी सुटतो, पण बापाने विकलेल्या मुलीला तसे सुटता येत नाही. अनुवादात स्त्री-पुरुष दोघेही सुटतात, आणि मालकाने त्यांना कळपातले, खळ्यावरचे आणि द्राक्षकुंडातले काही देऊनच निरोप द्यायचा असतो. लेवीयमध्ये तर इस्राएली माणसाला गुलाम म्हणून वागवायचेच नाही, मजुरासारखे ठेवायचे आणि पन्नासाव्या वर्षी मोकळे करायचे, असे म्हटले आहे. हा कायदा पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून पाहिला जात होता, याची खूण या तीन नियमांत स्पष्ट दिसते.

यूलियुस वेलहाउझेन या जर्मन पंडिताने १८७८ साली या फरकांवरून कालक्रम मांडला. त्याच्या मते आधी मोकळी, ग्रामीण उपासना होती. मग इ.स.पू. ६२२ च्या सुमारास योशीया राजाने यरुशलेमेत उपासना केंद्रित केली, आणि बाबेलच्या निर्वासनानंतर याजकांनी कर्मकांडाचा डोलारा उभारला. थर ओळखण्याची त्याची पद्धत अजून उपयोगी पडते. पण याजकांचे लेखन म्हणजे धर्माची उतरती कळा, हा त्याचा निवाडा त्याच्या काळच्या प्रोटेस्टंट मनाचा होता. येहेझ्केल काउफमान आणि पुढे जेकब मिल्ग्रोम यांनी याजकीय परंपरा बरीच जुनी असल्याचे आग्रहाने मांडले. १९२९ पासून सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारितच्या उत्खननात इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातले यज्ञविषयक मजकूर सापडले. त्यांतली काही यज्ञनामे हिब्रू नामांची सख्खी भावंडे आहेत. यज्ञाची ही भाषा निर्वासनानंतर कोणी नव्याने रचलेली नव्हती, एवढे त्यावरून नक्की झाले.

वेदीवरचे काम

लेवीय पाच मुख्य अर्पणे सांगते. होमार्पणात कातडे सोडून संपूर्ण पशू जाळला जाई. अन्नार्पण सपिठाचे, तेल आणि ऊद घातलेले. त्यात खमीर आणि मध चालत नसे, मीठ मात्र हवेच. शांत्यर्पणात चरबी वेदीवर जाई, छाती आणि उजवी मांडी याजकाला मिळे आणि उरलेले मांस अर्पण करणाऱ्याचे कुटुंब खाई. बहुतेकांच्या वाट्याला मांस येई ते अशाच प्रसंगी. पापार्पण आणि दोषार्पण चुकीच्या निरसनासाठी होते. मंदिरात रोज सकाळी एक आणि सायंकाळी एक असे दोन कोकरांचे नित्य होमार्पण चाले. सारा दिवस त्या दोन यज्ञांच्या मधे बसवलेला असे.

या व्यवस्थेत दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. पहिली, ऐपतीचा विचार. ठरावीक दोषांसाठी मेंढी किंवा बकरी आणायची. ती परवडत नसेल तर दोन पारवे, आणि तेही जमत नसेल तर एफा या धान्याच्या मापाचा दहावा हिस्सा सपीठ. मूठभर पीठ वेदीवर टाकले तरी क्षमा तितकीच पूर्ण. दुसरी गोष्ट दोषार्पणाची. एखाद्याने शेजाऱ्याची ठेव बुडवली, लुबाडले किंवा सापडलेली वस्तू नाकारून खोटी शपथ घेतली, तर त्याने आधी ती वस्तू एक पंचमांश भर घालून मालकाला परत करायची, आणि मगच एडका घेऊन याजकाकडे जायचे. देवाची क्षमा शेजाऱ्याच्या अंगणातून जाते, असा हा क्रम आहे. कर्मकांडाच्या ऐन गाभ्यात न्याय कसा बसवलेला होता, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण शोधायला नको.

रक्ताचा नियमही याच अंगाने वाचावा लागतो. जीव रक्तात असतो आणि रक्तावर हक्क देवाचा, म्हणून ते कोणत्याही रूपात खायचे नाही. यज्ञातले रक्त वेदीला लावायचे, एकाच स्थळी यज्ञाचा नियम झाल्यावर गावात कापलेल्या पशूचे रक्त जमिनीवर ओतायचे. हाच विचार फौजदारी कायद्यातही शिरला आहे. शिंग मारणाऱ्या बैलाचा नियम बाबेलचा राजा हम्मुराबी याच्या इ.स.पू. १७५० च्या सुमाराच्या संहितेत आहे. रस्त्याने जाणाऱ्या बैलाने माणूस मारला तर दावा चालत नाही. बैल मारका असल्याची सूचना मिळूनही मालकाने काळजी घेतली नसेल तर त्याला चांदीचा दंड. निर्गमात मात्र बैलाला दगडमार करायचा आणि त्याचे मांसही खायचे नाही. मालकाला आधी ताकीद मिळालेली असेल तर त्याच्याही जिवावर बेतते; खंडणी भरून तो सुटू शकतो. बाबेलचा कायदा नुकसानीचा हिशेब करतो. इस्राएलचा कायदा सांडलेल्या रक्ताचाही हिशेब मागतो.

शुद्ध, अशुद्ध आणि मंदिर

सर्वांत जास्त गैरसमज शुद्धाशुद्धतेच्या नियमांबद्दल आहेत. बाळंतपण, मासिक पाळी, वीर्यस्राव, काही त्वचाविकार आणि प्रेताचा स्पर्श यांनी अशौच येई. पाणी, ठरावीक काळ आणि कधी अर्पण यांनी ते फिटे. हे आरोग्याचे नियम होते, हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे. मध्ययुगातला वैद्य आणि तत्त्वज्ञ मैमोनिदेस यानेही खाण्याच्या निषेधांचा आरोग्याशी संबंध जोडला होता. पण नियम तसे वागत नाहीत. याजक त्वचाविकार पाहतो, त्यावर उपचार करत नाही.

१९६६ साली मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी ‘प्युरिटी अँड डेंजर’ या पुस्तकात वेगळी दिशा दाखवली. खुर दुभंगलेला आणि रवंथ करणारा पशू शुद्ध. खवले आणि पर असलेला मासा शुद्ध. जो प्राणी आपल्या गटाच्या चौकटीत नीट बसत नाही तो वर्ज्य. अशी ही सृष्टीच्या व्यवस्थेची मांडणी आहे, असे त्यांनी म्हटले. मिल्ग्रोम यांनी त्यात जीवन आणि मृत्यू यांचा धागा पाहिला. जिथे जीव निसटतो किंवा मृत्यूची छाया पडते तिथे अशौच येते, आणि जीवनाचा स्रोत असलेल्या मंदिरापासून ते दूर ठेवायचे असते.

मिल्ग्रोम यांचे दुसरे निरीक्षण आणखी मोलाचे आहे. पापार्पणाचे रक्त पाप करणाऱ्या माणसाला लावत नाहीत, ते वेदीला आणि गाभाऱ्याला लावतात. म्हणजे लोकांच्या चुकांनी मळते ते मंदिर, आणि धुवायचे असते तेही मंदिरच. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, मुख्य याजक धूप घेऊन परमपवित्रस्थानात जाई. दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकत. एक देवासाठी कापला जाई आणि त्याच्या रक्ताने गाभारा शुद्ध होई. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून साऱ्या लोकांचे अपराध कबूल केले जात आणि त्याला रानात सोडून देत. समाजात अन्याय साचला तर देव आपल्या घरात राहणार नाही, ही भीती या विधीमागे होती.

इथे एक भेद मात्र पाळलाच पाहिजे. जोनाथन क्लावन्स यांनी दाखवले आहे की बाळंतपणाचे किंवा प्रेताचे अशौच हे पाप नव्हे. ते अटळ असते, कधी कर्तव्यातूनही येते. रक्तपात, व्यभिचार आणि मूर्तिपूजा यांचा मळ वेगळा. तो पाण्याने जात नाही आणि देशाची भूमीच विटाळतो. बाळंतिणीला पापी समजणे हा पुढच्या वाचकांचा अन्याय आहे, नियमाचा नव्हे.

शब्बाथ, सातवे वर्ष, पन्नासावे वर्ष

उपासनेची दुसरी वेदी काळाची होती. सातव्या दिवशीची विश्रांती मालकाला आहे तशी दासाला, दासीला, परक्याला, बैलाला आणि गाढवालाही आहे. अनुवादात तिचे कारण मिसरातल्या गुलामीची आठवण असे दिले आहे. सातव्या वर्षी शेत पडीक ठेवायचे, त्यात आपोआप उगवेल ते गरिबांना आणि मग रानातल्या जनावरांना. अनुवादात त्याच वर्षी कर्जमाफी आहे, आणि माफीचे वर्ष जवळ आले म्हणून गरिबाला कर्ज नाकारू नये, अशी जोड आहे. पन्नासाव्या वर्षी विकलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची, कारण जमीन देवाची आणि माणसे त्यावरची कुळे. वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मंडपांचा सण या तीन यात्रा जव, गहू आणि फळांच्या हंगामांशी बांधलेल्या होत्या. सणाच्या जेवणात लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना वाटा द्यावाच लागे.

कर्जमाफीच्या नियमाला व्यवहारात अडचण आली, हे परंपरेनेच प्रामाणिकपणे नोंदवले आहे. सातवे वर्ष जवळ आले की सावकार हात आखडते घेत. म्हणून हिल्लेल या धर्मगुरूने प्रोझबूल नावाची तोड काढली. कर्ज न्यायालयाच्या हवाली केले की ते माफीत बुडत नसे, त्यामुळे गरिबाला कर्ज मिळत राहिले. नियमाचा हेतू राखण्यासाठी त्याचे अक्षर वाकवण्याचे हे मोठे उदाहरण आहे.

संदेष्ट्यांचा राग कशावर होता

आमोस, होशेय, यशया आणि मीखा यांनी इ.स.पू. आठव्या शतकात यज्ञांवर कडाडून टीका केली. त्यावरून ते कर्मकांडाच्या विरोधात होते, असे मानले गेले. पण तकोवचा मेंढपाळ आमोस ज्या व्यापाऱ्यांना झोडपतो, ते शब्बाथ पाळणारे आहेत. तो कधी संपतो आणि आपण धान्याचे माप लहान व वजन जड करून विकायला कधी बसतो, याची ते वाट पाहतात. दिवस पाळायचा आणि तराजू मोडायचा, यावर त्याचा संताप आहे. याजकांनी एका अध्यायात जे जोडून ठेवले, तेच बाजारात तुटलेले पाहून संदेष्टे ओरडले.

जमिनीतले पुरावे

ग्रंथातले हे नियम लोक खरोखर पाळत होते का? पुरातत्त्वाचे उत्तर दुपदरी आहे. नेगेव्हमधल्या अराद किल्ल्यात योहानान अहारोनी यांना १९६० च्या दशकात यहूदा राज्याच्या काळातले एक छोटे मंदिर सापडले. त्यात न घडवलेल्या दगडांची वेदी होती आणि गाभाऱ्याशी धूपाच्या दोन वेद्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीत एकीवर ऊद आणि प्राण्यांची चरबी, तर दुसरीवर शेणात मिसळलेला गांजा मिळाला. बीरशेब्यात शिंगांची मोठी वेदी सापडली, ती घडीव दगडांची. म्हणजे न घडवलेल्या दगडांचा निर्गमातला नियम तिथे पाळला गेला नव्हता. सीनायच्या कुंतिल्लेत अजरूद इथे इ.स.पू. ८०० च्या सुमाराच्या लेखांत इस्राएलचा देव यहोवा याच्याबरोबर ‘त्याची अशेरा’ (देवी किंवा तिचे प्रतीक) येते. एकच देव, एकच मंदिर हे ध्येय होते. सुरुवातीची वस्तुस्थिती तशी नव्हती.

अन्नाच्या नियमांचेही तसेच. पलिष्ट्यांच्या शहरांत डुकरांची हाडे भरपूर, यहूदाच्या वस्त्यांत अगदी थोडी. मात्र उत्तरेकडच्या इस्राएल राज्यातील काही वस्त्यांत इ.स.पू. आठव्या शतकात डुकरे आढळतात. योनातान अॅडलर आणि ओमरी लेर्नाऊ यांनी २०२१ मध्ये दाखवले की खवले नसलेले मासे यहूदातही शतकानुशतके खाल्ले जात. तोराचे पालन सर्वसामान्यांत रुजल्याचे स्पष्ट पुरावे हास्मोनी राजवटीच्या, म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आधी मिळत नाहीत, असे अॅडलर यांचे म्हणणे आहे. नियम लिहिले जाणे आणि ते सर्वांच्या घरात पोचणे यांत शतकांचे अंतर असू शकते, हे त्यांच्या कामातून घेण्याजोगे आहे. पण याचा अर्थ नियम हवेत होते, असा नाही. यरुशलेमजवळच्या केतेफ हिन्नोममध्ये गाब्रिएल बार्काई यांना १९७९ साली चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या मिळाल्या. त्यांवर गणनेतला याजकांचा आशीर्वाद जवळजवळ त्याच शब्दांत आहे. काळ मंदिराच्या इ.स.पू. ५८६ मधील विध्वंसाच्या आसपासचा.

मला सर्वांत बोलका वाटतो तो १९६० मध्ये समुद्रकाठच्या मेसाद हशाव्याहू किल्ल्यात सापडलेला खापरावरचा अर्ज. इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीस एका कापणी करणाऱ्या मजुराने तो लिहवून घेतला. आपण ठरलेले काम पूर्ण केले, तरी मुकादमाने आपले वस्त्र हिसकावून नेले. सोबतचे कापणी करणारे साक्ष देतील, असे तो अधिकाऱ्याला कळवतो. गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, असा नियम निर्गमात आहे. मजुराने त्याचा उल्लेख केलेला नाही. पण वस्त्र परत मिळणे हा आपला हक्क आहे, अशी त्याची खात्री दिसते. हा कायदा नुसत्या आदर्शाचा नव्हता. खाली, शेतापर्यंत, न्यायाची अशी अपेक्षा जिवंत होती.

यहूदाबाहेरही वेद्या होत्या. नाईल नदीतल्या एलेफंटाइन बेटावरच्या यहुदी सैनिकी वसाहतीचे स्वतःचे मंदिर होते. इ.स.पू. ४१० मध्ये ख्नूम देवाच्या याजकांच्या चिथावणीने ते उद्ध्वस्त झाले. इ.स.पू. ४०७ मध्ये वसाहतीने यहूदाचा सुभेदार बागोही याला पत्र लिहून ते पुन्हा बांधण्यासाठी मदत मागितली. उत्तरात अन्नार्पण आणि धूप यांचा उल्लेख आहे, पशुहोमाचा नाही.

मंदिर गेल्यानंतर, आणि कोकणात

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमेत पुन्हा उभे राहिलेले दुसरे मंदिर जाळले आणि यज्ञ थांबले. यज्ञावर उभा असलेला धर्म तिथेच संपायला हवा होता. तसे झाले नाही, कारण त्याचा निम्मा भाग आधीपासूनच शेतात, बाजारात आणि घरात होता. नित्य होमार्पणाच्या वेळांशी प्रार्थनेच्या वेळा जोडल्या गेल्या आणि यज्ञाच्या नियमांचे अध्ययन हीच उपासना झाली. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या रब्बींच्या नियमग्रंथाच्या सहा विभागांत यज्ञ आणि शुद्धी यांना दोन संपूर्ण विभाग आहेत. त्याच मिश्नात सांगितले आहे की माणसाने माणसाविरुद्ध केलेला अपराध प्रायश्चित्ताच्या दिवसाने फिटत नाही, त्या माणसाची समजूत घालावीच लागते. नाब्लुसजवळच्या गरिज्जीम डोंगरावर शोमरोनी समाज वल्हांडणाची कोकरे आजही कापतो. बाकी यहुदी जगाने वेदीशिवाय नियम जपले.

ते जपणाऱ्यांत आपल्या कोकणातले बेने इस्राएल आहेत. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. रब्बी नाहीत, ग्रंथ नाहीत, अशा शतकांत त्यांनी आठव्या दिवसाची सुंता, शब्बाथ आणि खवल्यांच्या माशांचा नियम टिकवला. मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचा उपवास ‘बिरड्याचा रोजा’ म्हणून वालाच्या बिरड्याने सुटू लागला. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे संदेष्टा एलीयाच्या, नावे पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा होतो. रक्ताविना केलेले हे अर्पण लेवीयच्या अन्नार्पणाच्या फार जवळचे आहे. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली.

काय घ्यायचे, काय नाही

या धर्मशास्त्राचे कठोर भाग झाकून ठेवता येत नाहीत. परकी गुलाम कायमची मालमत्ता होऊ शकत. पन्नासाव्या वर्षाची मुक्ती त्यांना नव्हती. मुलगी झाल्यावर आईचा अशौचकाल मुलगा झाल्याच्या दुप्पट, चाळीसऐवजी ऐंशी दिवसांचा. शरीराने अपंग असलेल्या याजकाला वेदीची सेवा बंद. शब्बाथ मोडणाऱ्याला मृत्युदंड सांगितला आहे. पवित्रतेच्या नावाने ज्या सीमा आखल्या गेल्या, त्यांच्या बाहेर नेहमी कोणीतरी उरत होते. पण सलाफहादच्या मुलींनी बापाच्या वतनावर हक्क सांगितला आणि कायदा बदलून घेतला, ही कथा गणनेत नोंदली आहे. म्हणजे या सीमा पुढे ढकलता येतात, हे ज्ञानही त्याच ग्रंथात आहे.

तरी या नियमांचे मोठेपण मला निर्विवाद वाटते. उपासनेतून न्याय आपोआप येतो, असे त्यांनी कधी मानले नाही, म्हणून तो उपासनेच्या आत लिहून ठेवला : पिठाच्या मुठीत, शेताच्या कडेत, संध्याकाळच्या मजुरीत. देवस्थाने गजबजलेल्या आणि मजुरी थकवणाऱ्या कोणत्याही समाजाने हे नियम वाचावेत. लुबाडलेले परत केल्याशिवाय क्षमा मागायला येऊ नये, ही अट त्याच्याही कामाची आहे.